जैसलमेरच्या किल्ल्यात मुक्काम करू नये

दिवाळीच्या सुट्टीत आणि डिसेंबरात महाराष्ट्रातून राजस्थानला जाणाऱ्यांची मोठी गर्दी असते, आणि जैसलमेरच्या सहलीत 'किल्ल्याच्या आत मुक्काम' ही खास पर्वणी म्हणून सांगितली जाते. माझे स्पष्ट मत आहे की आपण तो मुक्काम टाळावा.

भाटी राजा रावल जैसल याने ११५६ मध्ये लोद्रव्याची जुनी राजधानी सोडून त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. त्याचे ९९ बुरूज आजही लांबून दिसतात, पण या शहराची खरी श्रीमंती राजांपेक्षा व्यापाऱ्यांनी उभी केली, असे मला वाटते. सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवर येथील महाजन मोठे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुमानचंद पटवा यांच्या घराण्याने पाच मुलांसाठी पाच हवेल्या एकमेकींना लागून बांधल्या. जरी, अफू आणि सावकारी यांतून मिळालेला पैसा तेथे झरोक्यांच्या आणि जाळ्यांच्या रूपाने रस्त्यावर उघडा मांडलेला दिसतो. जैन धनिकांच्या या वास्तू घडवणारे सिलावट कारागीर मुसलमान होते, हेही आवर्जून लक्षात ठेवावे. नथमल दिवाणांच्या १८८५ च्या हवेलीची डावी आणि उजवी बाजू हाथी आणि लालू या दोन भावांनी वेगवेगळी कोरली. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या वाटतात, पण नीट पाहिले की नक्षी निराळी असल्याचे कळते. तोवर मुंबई बंदराने वाळवंटी मार्गाचा व्यापार ओढून घेतला होता, आणि १९४७ च्या फाळणीने उरलेला रस्ताही बंद केला.

या बांधकामाचे मला सर्वांत मोठे वाटते ते त्याचे पाण्याविषयीचे शहाणपण. पिवळ्या दगडाचे घडीव चिरे चुन्याशिवाय, खाचा आणि लोखंडी पकडी यांच्या आधाराने एकमेकांत बसवलेले आहेत. छतांवर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर आहे. गल्ल्या अरुंद आहेत, म्हणून भिंती एकमेकींवर सावली धरतात. जेथे पाऊस नावालाच पडतो आणि पिण्याचे पाणी गडीसर तलावावरून घागरींनी वर आणावे लागत होते, तेथे ही रचना शतकानुशतके उत्तम टिकली.

नळ आल्यावर मात्र हिशेब बदलला. आपले सह्याद्रीतले गड कठीण बेसॉल्टवर उभे आहेत. त्रिकूट टेकडीत वालुकाश्माबरोबर मऊ, मातकट थर आहेत, आणि त्यांत पाणी मुरले की ते फुगतात व खचतात. हॉटेलांची न्हाणीघरे, शौचालये आणि गळकी गटारे यांचे पाणी थेट या थरांत उतरते. तटाचे आणि इमारतींचे काही भाग कोसळले, १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने किल्ला धोक्यातील वास्तूंच्या यादीत घातला, आणि २०१३ मध्ये राजस्थानातील आणखी पाच किल्ल्यांसह त्याला युनेस्कोचा जागतिक वारसा हा दर्जा मिळाला. दर्जा मिळाल्याने पाणी मुरायचे थांबत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. किल्ल्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना हलवावे, असे मी म्हणत नाही. वसता किल्ला हेच जैसलमेरचे वैशिष्ट्य आहे, आणि तेथील माणसांना घरात नळाचे पाणी मिळाले पाहिजे, हा त्यांचा हक्क आहे. प्रश्न आपला आहे: दोन दिवसांसाठी येऊन रोज बादल्याच्या बादल्या ओतणाऱ्या पाहुण्यांचा. गटारांची दुरुस्ती सरकारने करायची आहे, पण मुक्काम कोठे करायचा हे आपल्याच हातात आहे. खाली गावात राहण्याच्या भरपूर सोयी आहेत, आणि पटवांच्या व नथमलांच्या हवेल्याही तेथेच, किल्ल्याबाहेर आहेत. सकाळी वर जावे, जैन मंदिरे निवांत पाहावीत, तेथल्या दुकानांतून खरेदी करावी, जेवावे आणि संध्याकाळी खाली यावे. सहली नेणाऱ्या मंडळींनी कार्यक्रमपत्रिकेतला 'किल्ल्यात मुक्काम' काढून त्या जागी हवेल्यांसाठी अख्खा अर्धा दिवस ठेवावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.