ब्रुनोचा उन्हाळा

पुण्याच्या भाच्यानं फ्लॅट बदलला आणि त्याचा रॉटवायलर जातीचा कुत्रा ब्रुनो आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात येऊन पडला. "मामा, आता रानडुकरं तुरीत शिरायची नाहीत," म्हणे. ऐन मे महिन्यात शेतात तूर कुठली, हे पुण्यात कोण सांगणार?

गाडीतून पन्नास किलोंचं काळंभोर धूड उतरलं. आई दारातच थबकली. "बाप्पा! कुत्रं होय का हेला?" (हेला म्हणजे रेडा.)

ब्रुनोच्या जातीचं मूळ गाव जर्मनीतलं रॉटवाइल. खाटकांची ढोरं हाकायची, मांसाच्या गाड्या ओढायच्या, हा खानदानी धंदा. १९१० साली तिथल्या पोलिसांतही भरती झाली. अंगावरचा दुहेरी केसांचा कोट तिकडच्या थंडीसाठी ठीक, पण आमच्याकडे पारा ४५ वर. त्यात कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम तळपायांना, बाकी सगळा कारभार जिभेवर. म्हणून कूलरसमोर ओल्या पोत्यावर ब्रुनो, आणि त्याच्यामागे आम्ही. हवा त्याच्या अंगावरून गाळून येते. लाइट गेली की तो माझ्याकडे असा बघतो, जणू मीच वायरमन!

डांबरी रस्त्यानं पंजे भाजतात, म्हणून फिरवणं उजाडायच्या आत. संध्याकाळी बॅटरी धरून कानातले, बोटांमधले गोचीड वेचायचे. कांदा-लसूण कुत्र्याला विषच, तेव्हा त्याचं वेगळं शिजतं. (आईनं सुनेसाठी कधी वेगळं शिजवलं नव्हतं.) जेवल्याबरोबर पळाला तर पोट फुगून पीळ पडायची भीती. मग मी दारात बसून राखणदाराची राखण करतो. शिवाय लाडात आला की उभ्या माणसाच्या मांडीवर अख्खं अंग रेलतो. या जातीची सवयच आहे ती, पण बावाजींना भिंत धरावी लागते.

परवा गायकी, म्हणजे गावाची गुरं राखणारा, ढोरं घेऊन आला. आमची कालवड भलत्याच गल्लीत वळली. ब्रुनो उठला. भुंकणं नाही, चावणं नाही, नुसता खांदा लावून तिला गोठ्यात घातली. मग शेजारच्यांची गाय. मग पाटलांची म्हैस. थोड्या वेळात अर्धं गाव दावी घेऊन आमच्या दारात उभं.

गायकी मात्र खूश. "भाऊ, हा मले देता काय? खाते किती?"

मी सांगितलं.

त्यानं काठी खांद्यावर टाकली. "त्यापरीस मीच भुकतो ना, भाऊ."