सातशे डोक्यांचं शहर : 'एक वाचक' यांना उत्तर

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ग्रीनवूड या चिमुकल्या शहरावरच्या माझ्या लेखाला 'एक वाचक' या नावाने आलेली प्रतिक्रिया थोडक्यात अशी: "सातशे डोकी म्हणजे शहर? आमच्याकडे याला वाडी म्हणतात, हाहाहा. तिकडचं सगळंच सोन्याचं दिसतं तुम्हाला. तांब्याची भट्टी 1912 ला नाही, 1918 ला बंद पडली. आणि एवढ्याशा वस्तीला महापौर हवाच कशाला? त्याचा खर्च कोण भरतो, तेही लिहा की."

सालाची चूक मान्य. भट्टी 1918 लाच बंद पडली. नजरचुकीबद्दल क्षमस्व.

पण 'वाडी' आणि त्यापुढचं ते 'हाहाहा'? मुद्दा असेल तर मांडा, त्याला हसण्याची फोडणी कशाला? आमच्या आजोबांसमोर कोणी असं खिदळून बोललं असतं, तर ते पानाचा डबा मिटून आत निघून गेले असते. मला तेवढं जमत नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

डोकी मोजून शहर ठरतं, ही आपली समजूत. मी सोळा वर्षं त्याच प्रांतात, व्हँकुव्हरजवळच्या सरी (Surrey) या शहरात राहतो. सरीची वस्ती अडीच लाखांच्या घरात गेली, तरी कागदोपत्री ती 'डिस्ट्रिक्ट'च होती. 'सिटी' झाली 1993 साली. अल्बर्टातलं शेरवूड पार्क सत्तर हजारांच्या वर आहे आणि आजही सरकारदरबारी 'हॅम्लेट', म्हणजे आपली ती वाडीच. हसा आता! उलट ग्रीनवूडला सिटीची सनद मिळाली 1897 साली, खाणींच्या भरात. आज ब्रिटिश कोलंबियात नव्याने सिटी व्हायला पाच हजारांहून जास्त वस्ती लागते. पण नंतर माणसं घटली म्हणून एकदा मिळालेला दर्जा आपोआप जात नाही. 2021 च्या जनगणनेत तिथे 702 माणसं भरली, पाटी 'सिटी'चीच राहिली.

लांब कशाला जायचं? माझं आजोळ पन्हाळा. वस्ती जेमतेम तीन हजार, पण नगरपरिषद आहे. आणि वाघोलीत टॉवरवर टॉवर उभे राहिले, तरी 2021 पर्यंत कारभार ग्रामपंचायतीचा! पन्हाळ्यावर जाऊन कोणाला 'काय हो वाडीकर' म्हणून बघा एकदा. मी लहानपणी आजीसोबत घरपट्टी भरायला नगरपालिकेत जायचो. पावतीवर शिक्का उमटला की आजी तो पदराने हलकेच टिपायची, शाई फुटू नये म्हणून. हे काय असतं, ते बाहेरून मोजणाऱ्याला नाही कळायचं.

राहिलं 'महापौर कशाला'. 1942 मध्ये कॅनडा सरकारने किनाऱ्यावरच्या जपानी कॅनडियन लोकांना घरंदारं, बोटी सोडायला लावून आत हाकललं. त्यांना आपल्या गावात येऊ देऊ नका म्हणून कितीतरी ठिकाणी ओरड चालली होती. ग्रीनवूड तेव्हा ओस पडत आलेलं. तिथले महापौर मॅकआर्थर म्हणाले, आमच्याकडे पाठवा. रिकाम्या हॉटेलांत, दुकानांत मिळून बाराशेच्या आसपास माणसं राहिली, एकेका खोलीत एकेक कुटुंब. होकारात रिकामी घरं भरण्याचा हिशेबही असणारच, मी त्यांना संत म्हटलेलं नाही. पण होकार द्यायला गावाला स्वतःचं तोंड लागतं, आणि ते तोंड म्हणजे तो महापौर. 1949 साली किनाऱ्यावर परतायची बंदी उठली, तरी काही कुटुंबं तिथेच राहिली. तुमच्या हिशेबाने गाव आधीच वाडी ठरवून मोडीत काढलं असतं, तर त्या दिवशी बोललं कोण असतं?

आणि 'सोन्याचं दिसतं' म्हणे! लेख वाचलात की नुसता मथळा? भट्टीची ती सुमारे 120 फुटी विटांची चिमणी आणि तिच्या पायथ्याचे धातुमळीचे काळे ढीग मी त्यात लिहिलेत. ओतलेल्या भांड्याचा आकार धरून थिजलेले गोळे, उपड्या घंटांसारखे. बोट फिरवलं तर काचेसारखं कापतं. यात सोनं कुठे दिसलं आपल्याला? हां, नळाचं पाणी गोड आहे असं लिहिलं, ते खरंच आहे. 2012 साली अमेरिकेत बर्कली स्प्रिंग्जच्या पाणी चाखण्याच्या स्पर्धेत ते नगरपालिकांच्या पाण्यात पहिलं आलं होतं. हायवे तीनवरून जाताना मी दर खेपेला बाटली भरून घेतो.

खर्च कोण भरतो, हा प्रश्न तेवढा मोठा नाही. लोक भरतात, मालमत्ता करातून, आणि प्रांताचं अनुदान असतं. कुठे नसतं? त्यात फार खोल जायची ही जागा नव्हे.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तर बरं. लेखातलं 1912 खोडून 1918 केलं आहे.