पंप गेला हे डोळ्यांनी सांगायचं का?

आज दिवसभर कंपनीच्या खर्चाने मला बोलायला शिकवण्यात आलं. हॉटेलचा बँक्वेट हॉल, गोल टेबलं, प्रत्येकापुढे एक पॅड, एक पेन आणि वाटीभर पेपरमिंटच्या गोळ्या. विषय, व्यावसायिक संवादकौशल्य. घरी येऊन कुकर लावला, तो उतरायच्या आत लिहायला बसलेय. नाही लिहिलं तर रात्री झोप लागायची नाही.

सुरुवातीलाच ती स्लाइड आली. ज्यांनी ज्यांनी कॉर्पोरेटात नोकरी केलीय त्या सगळ्यांनी हा प्रसाद घेतलेला असणार. संवादात शब्द 7 टक्के, आवाजाचा सूर 38 टक्के आणि देहबोली 55 टक्के. म्हणजे 93 टक्के बोलणं शब्दांच्या बाहेरच होतं म्हणे. हॉलमधल्या सगळ्या माना डोलल्या. एका मोठ्या साहेबांनी तर लिहूनही घेतलं.

अहो, हे आकडे आल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 मधल्या प्रयोगांतून आलेत. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवायचे, चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही हे ओळखायला सांगायचं, असे ते प्रयोग. त्या माणसाने स्वतः सांगून ठेवलंय की भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरतंच हे समीकरण धरा, बाकी कुठे लावू नका. पण ऐकतो कोण? पन्नास-साठ वर्षं ही स्लाइड हॉलाहॉलातून फिरतेय.

मला लगेच आमचे एक सप्लायर, भोसरीचे काका आठवले. हीट ट्रीटमेंटचं छोटं वर्कशॉप आहे त्यांचं. आमच्या कंपनीच्या पिना कार्ब्युरायझिंगला त्यांच्याकडे जातात, म्हणजे भट्टीत तापवून त्यांचा वरचा थर कडक करायचा आणि मग क्वेंच टाकीत झटकन थंड करायचं. एका गुरुवारी, म्हणजे भोसरीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सकाळी साडेसहाला त्यांचा फोन आला.

"मॅडम, उठवलं का? रात्री क्वेंच टाकीचा पंप गेला. भट्टीतली बॅच गेली समजा, तुमचाच माल आहे. शनिवारी माझ्याकडून काही मिळणार नाही. सोमवारी दुपारी दोनपर्यंत निम्मा देतो, राहिलेला बुधवारी. शनिवारी लाइनवर काय चालवायचं ते आत्ताच बघा. स्क्रॅपचं माझ्या नावावर टाका, भेटल्यावर बोलू."

आणि मग, "लिहून घेतलं? वाचून दाखवा बरं."

मी वाचून दाखवलं. 'बुधवारी' म्हटल्यावर ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत लिहा, उगाच सकाळपासून वाट बघाल." फोन बंद. दोन मिनिटंही झाली नसतील. मी प्लॅनिंगवाल्याला उठवलं, आम्ही दुसऱ्या मॉडेलची सेटिंग अलीकडे ओढली आणि शनिवारी लाइन एक मिनिट थांबली नाही.

आता मला सांगा, यातले 93 टक्के कुठे होते? फोनवर देहबोली दिसत नाही. सूर म्हणाल तर रात्रभर जागलेल्या माणसाचा असतो तसा, खरखरीत. म्हणजे काकांचं मला सातच टक्के कळलं का? पंप गेला हे त्यांनी डोळ्यांनी सांगायला हवं होतं का?

असो. इथपर्यंत मी शांत होते. खरंच होते.

जेवणाआधी 'एका मिनिटात स्वतःची ओळख' असा खेळ झाला. आमच्या क्वालिटीतला एक मुलगा आहे, उदगीरकडचा, डिप्लोमा केलेला. उभा राहिला आणि 'मायसेल्फ' म्हणून सुरू झाला. ट्रेनरबाईंनी त्याला तिथेच थांबवलं, हॉलकडे बघून डोळे मोठे केले आणि विचारलं, यात काय चुकलं कोण सांगेल? लोक हसले. हसणारे कोण, तर आमचेच. जुन्नर, बार्शी, कराडहून आलेले, पहिल्या नोकरीत स्वतः 'मायसेल्फ' म्हणालेले. तो मुलगा लाल झाला, पुढची दोन वाक्यं कशीबशी बोलला आणि बसला. नंतर दिवसभर त्याने तोंड उघडलं नाही. संवादाच्या कार्यशाळेत एका माणसाचा संवाद बंद पाडून दाखवला, फी घेऊन.

चहाच्या वेळी मी मुद्दाम त्याच्याशेजारी उभी राहिले. म्हटलं, त्या हाउसिंगच्या क्रॅकचं काय झालं रे? आणि सांगते तुम्हाला, तो मुलगा असा बोलायला लागला की मी चहा प्यायची विसरले. टिश्यूपेपर घेतला, पेनाने हाउसिंगचं, म्हणजे पार्टच्या बाहेरच्या कवचाचं, चित्र काढलं, चार होल काढली. "मॅडम, क्रॅक फक्त या होलच्या बाजूला येतोय. आणि फक्त सकाळच्या शिफ्टच्या सुरुवातीच्या मालात. डाय पूर्ण तापायच्या आधीचे शॉट वेगळे काढायला पाहिजेत, ते आपल्या मालात मिसळतायत. मी डब्यांवरच्या वेळा बघितल्या. दुपारच्या मालात एकही सापडला नाही." (डाय म्हणजे साचा, शॉट म्हणजे त्यातून एका वेळी निघणारा माल.) संपलं. कुठे आहे, कधी होतं, कशामुळे होत असावं, काय करायचं आणि हे मी कशावरून म्हणतोय, सगळं त्या एका कागदावर. आमचे मोठे साहेब हेच सांगायला तीस स्लाइडी घेतात आणि शेवटी 'मल्टिपल फॅक्टर्स' म्हणून सोडून देतात.

तो टिश्यू मी पर्समध्ये ठेवलाय.

हो, माहीत आहे, इंग्रजी लागतं. जर्मनीतल्या कस्टमरला टिश्यूपेपर दाखवून मराठीत सांगता येत नाही. लागतं, शिकायला हवं, त्याने शिकावं, मीच त्याच्या मागे लागणार आहे. पण ते क्रमाने. आधी सांगण्यासारखं काहीतरी हवं ना? ते त्याच्याकडे आहे. हॉलमध्ये फाडफाड बोलणाऱ्या निम्म्या लोकांकडे नव्हतं.

आता त्या फाडफाडवाल्यांचीही एक गोष्ट सांगतेच, कारण राग अजून उतरलेला नाही. आमचा एक सप्लायर आहे, नावाजलेला. नाव घेत नाही, घेतलं तर उद्या मलाच नोटीस येईल. त्यांचा अकाउंट मॅनेजर एमबीए, मेलची भाषा अशी की फ्रेम करून लावावी. एका डिलिव्हरीच्या वेळी आठवडाभर रोज मेल येत होती, 'डिस्पॅच अंडर प्रोसेस', 'टीम इज वर्किंग राउंड द क्लॉक', 'वी डीपली व्हॅल्यू अवर पार्टनरशिप'. फोन केला की गोड आवाज, नावाने हाक, मुलांची चौकशी. 38 टक्के सूर तर शंभर टक्के होता! आणि माल? त्यांची डाय आदल्याच आठवड्यात फुटली होती. पहिली मेल लिहिताना त्या माणसाला हे माहीत होतं. आमची लाइन थांबली, कस्टमरने डेबिट नोट लावली, म्हणजे नुकसान आमच्या बिलातून कापलं, आणि मीटिंगमध्ये कोणाला उभं केलं असेल ते सांगायला नको.

त्याच आठवड्यात माझ्या डोक्यात भोसरीचे काका होते. सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेसहाला, चेहऱ्यावर पाणी मारायच्या आधी, स्वतःचं नुकसान स्वतःच्या तोंडाने सांगणारे. आणि इकडे हा गृहस्थ.

दुपारच्या सत्रात ट्रेनरबाईंनी 'सँडविच' शिकवलं. आधी चांगलं बोला, मध्ये वाईट बातमी हळूच सरकवा, वर पुन्हा चांगलं ठेवा. काकांनी असं केलं असतं तर? "मॅडम, तुमच्याबरोबर काम करताना फार आनंद होतो, पंपाची थोडी अडचण आहे, पण येत्या काळात आपण नवी शिखरं गाठू." मी "बरं बरं" म्हणून कूस बदलून झोपले असते आणि शनिवारी लाइन उभी. वाईट बातमी ब्रेडमध्ये घालून दिली की खाणाऱ्याला ब्रेडच लागतो, हे कोणी सांगायचं यांना?

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? काही ठिकाणी माणसं मरतात हो. 25 जानेवारी 1990, आव्हियान्का कंपनीचं बोइंग 707 कोलंबियाहून न्यूयॉर्कला येत होतं. खराब हवा, आकाशात घिरट्या, इंधन संपत आलेलं. वैमानिकांनी कंट्रोलला सांगितलं की इंधन संपत आलंय, आधी उतरू द्या. पण 'इमर्जन्सी' म्हणालेच नाहीत. कंट्रोलने त्यांना रांगेतल्या इतर विमानांसारखंच वागवलं. विमान लाँग आयलंडवर पडलं, 158 पैकी 73 माणसं गेली. इथे कोणीतरी लगेच कॉमेंट करेल की बघा, इंग्रजीच कच्चं होतं. असेल थोडं. पण इंधन संपतंय हे त्यांनी इंग्रजीतच सांगितलं होतं. जे सांगायचं ते आडपडदा न ठेवता, समोरचा खुर्चीतून उठेल असं सांगितलं गेलं नाही.

टोयोटाने हे कधीच ओळखलं. त्यांच्या लाइनवर अँडनची दोरी असते. काही चुकतंय असं वाटलं की कोणताही कामगार ती ओढतो, दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. आपल्या चाकण पट्ट्यातही कितीतरी कंपन्यांत अँडन आहे, मोठे मोठे बोर्ड आहेत, लाल-पिवळे दिवे आहेत. पण मला खरं सांगा, किती ठिकाणी पोरं ती दोरी बिनधास्त ओढतात? ओढली की सुपरवायझर आधी "कोणी ओढली?" असं विचारतो. 'काय झालं?' हा प्रश्न त्याच्या नंतर. मग पुढच्या वेळी कोण ओढेल? आजचा सगळा खर्च सुपरवायझरांना तेवढा एक प्रश्न बदलायला शिकवण्यावर केला असता तर मी हॉटेलसमोर उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि काका ती दोरी ओढतात याचं कारणही मला माहीत आहे. त्या गुरुवारी मी ओरडले नाही. माझ्या आधी या खुर्चीत जे होते, त्यांनी एकदा असाच फोन आल्यावर त्यांना शिव्या घातल्या होत्या. नंतर कितीतरी दिवस काका फोनच करायचे नाहीत, माल उशिरा आला की मगच कळायचं. हे त्यांनीच मला सांगितलं, त्यांच्या वर्कशॉपात, भट्टीशेजारी उभं राहून, घाम पुसत. ऐकणाऱ्याला शिकवायचा तास आजच्या वेळापत्रकात कुठे होता? होता म्हणा. 'अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग', जेवणानंतरचा वीस मिनिटांचा. त्यात मान कशी हलवायची ते शिकवलं.

आमचीही दुसरी बाजू सांगते, नाहीतर म्हणाल सप्लायरांवरच घसरते. काकांसारख्यांना पैसे किती दिवसांत द्यायचे याचा कायदा आहे, 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, म्हणजे एमएसएमई कायदा, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवस. एप्रिल 2024 पासून तर मुदत उलटून वर्षअखेरीलाही पैसे थकलेले असले तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही. तरी काका बिलाचं विचारायला फोन करतात तेव्हा आमच्या अकाउंट्सकडून काय उत्तर जातं? "प्रोसेसमध्ये आहे." डोळ्यांत डोळे घालून, उत्तम देहबोलीने, हसून. पैसे या महिन्यात येणार की नाही ते सांगा ना! नाही तर नाही म्हणा. तो माणूस पगार कुठून करायचा ते बघेल. पंप गेल्याचं तो आपल्याला त्याच दिवशी सांगतो आणि आपण त्याला एक तारीख सांगू शकत नाही.

बरं, थोडं पाणी पिऊन आले. कुकर उतरवला.

ट्रेनरबाईंचंही सगळंच टाकाऊ नव्हतं, एवढं म्हणते. मोठ्या मीटिंगमध्ये घाई करू नका, आकडा सांगितला की क्षणभर थांबा, हे त्यांनी छान करून दाखवलं. आणि शिकून बोलता येतं यात शंका नाही. अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे तरुणपणी चारचौघांत उभं राहायला घाबरायचा, 1951 मध्ये त्याने डेल कार्नेगीचा भाषणकलेचा कोर्स केला आणि पदव्या सोडून त्या कोर्सचं प्रमाणपत्र ऑफिसात लावलं. म्हणजे उपयोग होतो. कोणाला हसून होतो का, एवढाच माझा प्रश्न आहे.

काकाही काही संत नाहीत. फोनवर ओरडतात, अधूनमधून शिव्याही देतात, मेलला उत्तर तर देतच नाहीत. मेल त्यांचा पुतण्या बघतो आणि तो आठवड्यातून एकदा बघतो. ऑडिटच्या वेळी कागद मागून मागून माझा घसा बसतो. चालतं मला.

तर, शुक्रवारी कस्टमरचा कॉल आहे, त्या हाउसिंगच्या क्रॅकवर. मघाशीच साहेबांना फोन केला. म्हटलं, हे प्रकरण त्या उदगीरच्या मुलाला मांडू द्या, टिश्यूवरचं चित्र मोठं करून स्लाइडवर घालू, अडला तर इंग्रजी मी सांभाळते. साहेब म्हणाले, "बघू." म्हटलं, सर, बघू म्हणजे हो की नाही? त्याला तयारी करायला उद्याचाच दिवस आहे. जरा वेळ गेला. मग म्हणाले, "हो. पण तू शेजारी बस."

बसणार आहे.