तुरुंगातील आधारगट आणि रिकाम्या हाताने येणारी माणसे

शिक्षा भोगत असलेल्या पुरुषांसाठी स्वयंसेवक आधारगट चालवतात, ठरलेल्या दिवशी त्यांच्यासोबत गोल करून बसतात आणि त्यांचे ऐकून घेतात, असे सांगितले की समोरचा बहुधा एकच प्रश्न विचारतो : ज्यांनी दुसऱ्यांची घरे उद्ध्वस्त केली, त्यांच्या मनाची विचारपूस कशासाठी? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्याला निर्दय ठरवण्याचे काहीच कारण नाही. मात्र अशी बैठक म्हणजे शिक्षेतून मिळालेली सवलत, असा समज त्यामागे असतो आणि अशा गटांत स्वयंसेवक म्हणून बसू लागल्यापासून तो मला पटेनासा झाला आहे. कोठडीत वर्षानुवर्षे काढूनही आपण काय केले याकडे एकदाही न पाहणे माणसाला सहज जमते. गोलात बसल्यावर ते टाळणे फार अवघड जाते.

बैठकीची रचना साधी असते. दहा-बारा बंदी, दोन-तीन स्वयंसेवक, सगळ्यांना सारखीच बैठक आणि मध्ये टेबल नाही. एका वेळी एकाने बोलायचे, इतरांनी मध्येच तोंड घालायचे नाही, न मागता सल्ला द्यायचा नाही, आणि बोलावेसे वाटत नसेल तर आपली पाळी सोडून देण्याची मुभा प्रत्येकाला असते. इथले इथेच ठेवायचे, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला जातो आणि त्याच दमात त्याची मर्यादाही सांगितली जाते : कुणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठणार असेल, तर ते लपवून ठेवता येणार नाही. ज्यांचे खटले अजून चालू आहेत त्यांना घटनेचा तपशील सांगू नका, असे आधीच बजावावे लागते, कारण वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचे जे संरक्षण असते, ते स्वयंसेवकाशी झालेल्या बोलण्याला गृहीत धरता येत नाही.

सुरुवातीला जे ऐकू येते ते बहुतेक घोटून पाठ झालेले असते. एक मध्यमवयीन बंदी आपली हकीकत सांगत होता. भांडण कशावरून पेटले, कोण काय बोलले, पोलीस कसे आले, निकालाच्या दिवशी आई कोर्टात कुठे उभी होती, सगळे बारकाव्यांनिशी. फक्त वार केला तो क्षण त्याच्या सांगण्यात कुठेच नव्हता. भांडणातून तो थेट पोलिसांच्या गाडीत जाऊन बसला. आम्ही स्वयंसेवक काही बोललो नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या, तशाच गुन्ह्यात जन्मठेप भोगणाऱ्या माणसाने जमिनीकडे पाहत विचारले, "आणि मधलं?" तो भडकला, मग गप्प झाला, आणि त्यानंतर काही बैठका त्याने आपली पाळी सोडून दिली. अखेर बोलला तेव्हा दोन्ही हातांची बोटे एकमेकांत घट्ट अडकवून त्याने आधी मेलेल्या माणसाचे नाव घेतले, आणि तेवढ्यालाही त्याला बराच वेळ लागला. तो प्रश्न मी विचारला असता तर त्याने मला सहज उडवून लावले असते. ज्याने ती पळवाट स्वतः वापरलेली असते, त्याला ती दुसऱ्याच्या बोलण्यात लगेच ओळखू येते.

मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगांत दीर्घकाळ काम केलेले मनोविकारतज्ज्ञ जेम्स गिलिगन यांनी हिंसेच्या मुळाशी बहुतेकदा अपमानाची आणि लाजेची भावना असते, अशी मांडणी केली आहे. पुरुषांच्या गटात बसल्यावर हे वारंवार जाणवते. लहानपणी मार खाल्लेला, सर्वांदेखत पाणउतारा झालेला मुलगा मोठेपणी दुःख दाखवू शकत नाही, भीती तर नाहीच नाही; राग तेवढा चालतो. तुरुंग ही शिकवण आणखी पक्की करतो, कारण बराकीत हळवा दिसणारा माणूस इतरांचे सावज ठरतो. अशा ठिकाणी एखाद्याने सगळ्यांसमोर "मला भीती वाटते" असे म्हणणे आणि कुणीही न हसणे, ही घडामोड बाहेरून क्षुल्लक दिसली तरी तिथे ती फार मोठी असते. अर्थात, बालपणीच्या मारामुळे गुन्ह्याचे कारण कळते, त्याची जबाबदारी उतरत नाही. ज्या गटात ही दुसरी गोष्ट बोलली जात नाही, तो लवकरच एकमेकांची कीव करण्याचा अड्डा होतो. असे होताना मी पाहिले आहे.

या कामाची एक सुरुवात बंद्यांच्याच मागणीतून झाली, हे फारसे सांगितले जात नाही. न्यूयॉर्क राज्यातील ॲटिका तुरुंगात सप्टेंबर १९७१ मध्ये उठाव झाला आणि त्यात, तसेच तो मोडून काढताना, एकूण ४३ माणसे मेली. पुढे १९७५ मध्ये त्याच राज्यातील ग्रीन हेवन तुरुंगातील काही बंद्यांनी, तरुण मुलांना हिंसेपासून दूर कसे ठेवावे हे आम्हाला शिकवा, असे क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांना सांगितले आणि त्यातून 'अल्टरनेटिव्हज टू व्हायलन्स प्रोजेक्ट' (हिंसेला पर्याय शिकवणारा प्रकल्प) उभा राहिला. पुढे तो इतर अनेक देशांत पोहोचला. त्याच्या शिबिरांत कुणालाही सक्तीने बसवत नाहीत, आणि शिबिरे पूर्ण केलेले बंदी पुढे स्वतः प्रशिक्षक होतात.

माझा खरा आग्रह आहे तो यातल्या ऐच्छिकपणाविषयी. तुरुंगातला मानसोपचारतज्ज्ञ कितीही चांगला असला, तरी त्याचा अहवाल फाईलला लागतो, आणि ती फाईल सुटकेचा निर्णय घेणाऱ्यांपुढे जाऊ शकते. बंदी हे जाणून असतो आणि त्या हिशेबाने बोलतो. त्यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही. स्वयंसेवकाकडे फाईल नसते, पगार नसतो, देण्यासारखे काहीच नसते. हा माणूस येतो तरी कशाला, हा प्रश्न बंद्यांना खरोखर छळतो आणि त्याचे उत्तर त्यांना हळूहळू त्याच्या नेमाने येण्यातूनच मिळते. म्हणूनच गटातल्या हजेरीवर शिक्षेत सूट देण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे. सूट मिळणार म्हटल्यावर गर्दी होईल, हे खरे. पण उत्तम पश्चात्ताप कोण करून दाखवतो याची चढाओढ लागेल आणि "आणि मधलं?" असे विचारणारा माणूस शेजाऱ्याची सूट जाईल म्हणून गप्प बसेल.

स्वयंसेवकांविषयीही बोलले पाहिजे, कारण चांगल्या हेतूने होणारे नुकसान इथे थोडेथोडके नसते. काहीजण प्रवचन द्यायला येतात, काहींना गुन्ह्यांच्या कहाण्या ऐकण्याचा शौक असतो, आणि फोटो काढून परत न येणाऱ्यांची तर गणतीच नाही. ज्याला मुलाखतीला यायचे घरच्यांनीही सोडून दिले आहे, त्याच्या आयुष्यात चार आठवडे येऊन नाहीसे होण्यापेक्षा मुळात न जाणे बरे. निरोप बाहेर नेणे, पैसे देणे, कुणाच्या घरी फोन करणे, यांतले काहीही करायचे नाही, हे प्रशिक्षणातच ठसवायला हवे. आणि ज्यांचे माणूस गेले, त्यांच्याकडे गटातल्या कुणासाठीही क्षमा मागायला जाऊ नये. ती देण्याचे कसलेही देणे त्यांच्या माथी नाही.

सुटकेनंतर काय, हा भाग बहुतेक ठिकाणी कोराच राहतो. कॅनडातील हॅमिल्टन येथे १९९४ मध्ये मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे पाद्री हॅरी नाय यांनी, शिक्षा पूर्ण करून सुटलेल्या आणि सगळ्या गावाला नकोशा झालेल्या एका लैंगिक गुन्हेगाराभोवती काही स्वयंसेवकांचा गट उभा केला. त्या गटाने त्याला सोबत दिली आणि त्याच्यावर डोळाही ठेवला. पुढे कॅनडात आणि अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झालेल्या अभ्यासांत, असे गट लाभलेल्यांमध्ये पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण कमी आढळले. अभ्यासलेल्या माणसांची संख्या लहान होती, तरीही केवळ हाकलून देण्यापेक्षा हा मार्ग समाजाच्याच सुरक्षिततेचा दिसतो.

तुरुंग प्रशासनाकडून लागणाऱ्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. दार लावता येईल अशी एक खोली हवी, आणि शिपायाला आत दिसावे पण ऐकू येऊ नये इतक्या अंतरावर त्याची जागा हवी. बैठकीचा वार ठरलेला असावा आणि तो ऐनवेळी रद्द होऊ नये. सगळ्यात जास्त घोळ बदल्यांमुळे होतो. सहा महिन्यांनी कुठे तोंड उघडलेल्या माणसाला एका सकाळी दुसऱ्या तुरुंगात हलवले जाते, आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्यांना ते त्याची जागा रिकामी दिसल्यावर कळते. सुरक्षेचा प्रश्न नसेल तर चालू गट संपेपर्यंत त्याची बदली थांबवावी आणि थांबवता येत नसेल, तर त्याला गटाचा निरोप घेण्यापुरती एक बैठक तरी मिळावी.