यहेज्केलच्या दोन काठ्या आणि पुनःस्थापनेचा प्रश्न

आमच्या मंडळीतल्या तरुणांनी गेल्या महिन्यात मला विचारले, "मॉर्मनच्या ग्रंथाचे भाकीत बायबलमध्येच आहे असे म्हणतात, ते खरे का?" मी त्या वेळी घाईने नाही म्हणून मोकळा झालो आणि ते उत्तर मला नंतर बोचत राहिले, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

प्रश्नाचे मूळ यहेज्केलच्या ३७ व्या अध्यायात आहे. देव संदेष्ट्याला दोन काठ्या घ्यायला सांगतो. एकीवर यहूदासाठी लिहायचे, दुसरीवर योसेफासाठी, म्हणजे एफ्राईमासाठी, आणि मग दोन्ही अशा जुळवायच्या की मुठीत एकच काठी दिसावी. येशू ख्रिस्ताच्या अंतिम दिवसांतील संतांची मंडळी, जिला लोक मॉर्मन म्हणून ओळखतात, यहूदाची काठी म्हणजे बायबल आणि योसेफाची काठी म्हणजे त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा येथे प्रसिद्ध केलेला मॉर्मनचा ग्रंथ, असा अर्थ लावते. त्या ग्रंथात यरुशलेम सोडून अमेरिकेत गेलेले लेहीचे घराणे योसेफाच्या वंशातले सांगितले आहे, त्यामुळे हा अर्थ त्यांच्या दृष्टीने ओढूनताणून आणलेला नाही. त्यांचे अनेक सभासद दोन्ही ग्रंथ एकाच बांधणीत बाळगतात आणि त्यांना ते भाकीत अक्षरशः आपल्या हातात पूर्ण झालेले दिसते.

प्रॉटेस्टंट वाचक मात्र पुढच्या ओळींकडे बोट दाखवतो. लोक संदेष्ट्याला या काठ्यांचा अर्थ विचारतील, असे १८ व्या वचनात आहे आणि २१ व २२ व्या वचनांत देव स्वतःच तो अर्थ सांगतो: विखुरलेल्या इस्राएलांना राष्ट्रांतून परत आणीन, त्यांचे एक राष्ट्र करीन, त्यांच्यावर एकच राजा असेल. शलमोन राजानंतर राज्य दक्षिणेचे यहूदा आणि उत्तरेचे एफ्राईम असे दुभंगले, इ. स. पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेचे राज्य बुडाले, आणि यहेज्केल स्वतः बाबेलच्या बंदिवासात बसून हे बोलत होता. काठीसाठीच्या मूळ इब्री शब्दाचा अर्थ लाकूड असा आहे. ग्रंथाच्या गुंडाळीसाठी याच संदेष्ट्याने दुसऱ्या अध्यायात वेगळा शब्द वापरला आहे. यावर मॉर्मन अभ्यासक निमरूद या प्राचीन अश्शूरी नगरात सापडलेल्या, मेण लावून लिहिण्याच्या लाकडी पाट्यांचा दाखला देतात. तो दाखला मी हसण्यावारी नेणार नाही. परंतु संदेष्ट्याने ज्याचा उलगडा त्याच अध्यायात केला आहे, त्यावर दुसरा अर्थ चढवण्यासाठी तो पुरेसा नाही, असे माझे ठाम मत आहे. इस्राएलाचे एकत्रीकरण मॉर्मनही नाकारत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या विश्वासाच्या दहाव्या कलमात ते स्पष्ट लिहिले आहे, आणि त्यांचा प्रेषित ऑर्सन हाइड याने १८४१ साली जैतुनाच्या डोंगरावर यहुद्यांच्या परतण्यासाठी प्रार्थना केली होती.

खरा मतभेद काठ्यांच्याही आधी सुरू होतो. प्रेषितांची कृत्ये ३:२१ मध्ये पेत्र सर्व गोष्टींच्या पुनःस्थापनेच्या काळाविषयी बोलतो. मॉर्मनांच्या मते प्रेषितांच्या मृत्यूनंतर याजकपणाचा अधिकारच पृथ्वीवरून उठला. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाने सांगितलेला विश्वासत्याग तो हाच, त्यामुळे नुसत्या सुधारणेने भागणार नव्हते, अधिकार स्वर्गातूनच पुन्हा यायला हवा होता. ल्यूथर आणि कॅल्विन या सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारकांना मात्र मंडळीचे घर शाबूत दिसत होते, फक्त जळमटे काढायची होती. अधोलोकाच्या द्वारांचे मंडळीवर काहीही चालणार नाही, हे प्रभूचे वचन त्यांच्या पाठीशी होते. म्हणून प्रॉटेस्टंट वाचक पेत्राच्या शब्दांतली पुनःस्थापना ख्रिस्ताच्या पुनरागमनाशी जोडतो, एकोणिसाव्या शतकातल्या घटनेशी नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा व्हरमाँटमध्ये जन्मलेला जोसेफ स्मिथ सात वर्षांचा होता. ज्या न्यू इंग्लंडमधून आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांकडे सुवार्ता आली, त्याच भूमीत या दुसऱ्या प्रवाहाचा प्रवर्तकही जन्मला.

एका ठिकाणी मात्र आपण प्रॉटेस्टंट फार लवकर निकाल देतो. मलाखी संदेष्ट्याने पुन्हा येईल म्हणून सांगितलेला एलीया संदेष्टा म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, असे आपण शिकवतो. मॉर्मनांच्या श्रद्धेनुसार एलीया ३ एप्रिल १८३६ रोजी ओहायोतील कर्टलंडच्या मंदिरात जोसेफ स्मिथ आणि त्याचा सहकारी ऑलिव्हर काउडरी यांच्यासमोर प्रकट झाला. ते मी मानत नाही. तरीही मत्तय १७:११ मध्ये, योहानाचा वध होऊन गेल्यावर, येशू म्हणतो की एलीया येऊन सर्व काही पुन्हा यथास्थित करील. तेथील ग्रीक क्रियापद आणि पेत्राच्या भाषणातला शब्द एकाच मुळाचे आहेत. लगेच पुढच्या वचनात एलीया आलाच आहे, असेही तो सांगतो. ही दोन वचने शेजारी शेजारी कशी वाचायची, यावर आपल्यातही एकमत नाही. अनेक प्रॉटेस्टंट आजही एलीयाच्या आणखी एका येण्याची वाट पाहतात.

त्या तरुणांना मी येत्या रविवारी उपासनेनंतर थांबायला सांगितले आहे. यहेज्केल ३७ मधील १५ ते २८ वचने आणि मत्तयाचा हा उतारा आधी मोठ्याने, सलग वाचू, आणि मगच माझे मत त्यांच्यासमोर ठेवीन. कोणा मॉर्मन वाचकाला माझी मांडणी त्यांच्या श्रद्धेला धरून नाही असे वाटले, तर त्यांनी मला जरूर लिहावे. मी दुरुस्ती करीन.