मराठी मोडतंय, हे आपल्याशिवाय कोण सांगणार?

‘लिब्रेऑफिसमध्ये मराठी नीट दिसत नाही’ ही या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरबद्दलची तक्रार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सतत येते. चार जण ‘हो, माझ्याकडेही’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. जी माणसं ते दुरुस्त करू शकतात त्यांच्यापर्यंत तक्रार पोचतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लिब्रेऑफिसच्या बगझिलावर, म्हणजे चुका नोंदवायच्या संकेतस्थळावर, फुकट खातं उघडून कुणीही बग (सॉफ्टवेअरमधली चूक) नोंदवू शकतो.

मात्र तिथे ‘नीट दिसत नाही’ एवढ्यावर भागत नाही. नोंदी तपासणाऱ्यांत कितीतरी जण स्वयंसेवक असतात आणि बहुतेकांना देवनागरी येत नाही. ‘दऱ्या’मधला अर्धा र कसा दिसायला हवा, हे त्यांना कसं कळणार? हिंदीत तो वापरतच नाहीत, त्यामुळे हिंदी जाणणाऱ्याच्याही नजरेतून तो सुटू शकतो.

त्यात हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: टिंबवाला ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर) हे डोळ्यांना न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच, आतून वेगळे. म्हणूनच नुसत्या स्क्रीनशॉटवरून काही ठरवता येत नाही. तो हवाच, पण सोबत तेवढाच शब्द असलेली छोटी ओडीटी (लिब्रेऑफिसच्या दस्तऐवजाची) फाइल जोडा, फाँटचं नाव लिहा आणि काय दिसायला हवं होतं तेही सांगा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं.

आणखी एक तपासणी मी आग्रहाने सुचवेन. २०१७ साली आलेल्या ५.३ आवृत्तीपासून लिब्रेऑफिसमध्ये सगळ्या ऑपरेटिंग प्रणालींवर अक्षरांची जुळणी हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं. फायरफॉक्स ब्राउझरही तेच वापरतो. तोच मजकूर, तोच फाँट फायरफॉक्समध्ये लावून पाहा. तिथेही मोडला तर आधी संशय फाँटवर किंवा हार्फबझवर. तिथे नीट दिसला तर लिब्रेऑफिसवर.

पूर्वी कुठल्या आवृत्तीत हे बरोबर दिसत होतं, हे आठवत असेल तर नक्की लिहा. त्यावरून जुन्या-नव्या बिल्डमध्ये (सॉफ्टवेअरच्या वेळोवेळी तयार केलेल्या प्रतींमध्ये) निम्मं-निम्मं करत नेमका कोणत्या बदलाने घोळ झाला, तिथपर्यंत जाता येतं.

नोंद केल्यावर ईमेल बघत राहा. जास्त माहिती विचारली आणि उत्तर आलं नाही, तर काही महिन्यांनी बग बंद होतो. आणि हो, जोडलेली फाइल सगळ्यांना दिसते. ऑफिसचं खरं पत्र तिथे टाकू नका.