रुजू होण्याआधीच बदलीचा अर्ज

आज सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन ताईकडे गेले होते. भाचीची ऑर्डर आली. आरोग्य सेविका, जिल्हा परिषद गडचिरोली. नेमणुकीची जागा ठरवायच्या समुपदेशनात उपकेंद्र मिळालं ते भामरागड तालुक्यातलं. चार वर्षं पोरगी अभ्यास करत होती, दोनदा थोडक्यासाठी यादीतून राहिली. मला वाटलं, दारात रांगोळी असेल.

आत गेले तर कुणीतरी गेल्यासारखं घर. दाजी खुर्चीत मान खाली घालून. ताईचे डोळे सुजलेले. शेजारच्या काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत, "होईल काहीतरी, धीर धर" म्हणत होत्या. भाची कोपऱ्यात ऑर्डरची झेरॉक्स मांडीवर घेऊन बसलेली. तिचं अभिनंदन कुणीच केलं नव्हतं. तेवढ्यात दाजींच्या थोरल्या भावाचा फोन आला, तोही स्पीकरवर. "आधी जॉईन होऊ दे. मुंबईत आपली ओळख आहे. सहा महिन्यांत काढू तिला तिथनं."

काढू! पोरगी काय विहिरीत पडली आहे?

मी तिथे काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. घरी आल्यापासून डोकं भणभणतंय, म्हणून इथे लिहिते.

जून 2006. डी.एड. होऊन मीही अशीच ऑर्डर हातात घेऊन बसले होते. शिक्षण सेविका, तीन वर्षं मानधनावर, महिना 3000 रुपये. गाव माझं सांगलीकडच्या जत तालुक्यातलं, ऑर्डर गडचिरोलीची. जाहिरात निघाली तेव्हा अर्ज मीच भरला होता, कुणी जबरदस्ती केली नव्हती. तरी ऑर्डर आली त्या रात्री आमच्याकडे चूल पेटली नाही. नकाशा आणून अण्णांनी, माझ्या वडिलांनी, बोटाने मोजलं. महाराष्ट्राच्या या टोकाकडून त्या टोकाकडे. तिथून पुढे नदी, आणि नदीपलीकडे छत्तीसगड.

माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्यात वर, साड्यांच्या घडीवर, एक पाकीट होतं. त्यात बदलीचा अर्ज. अण्णांनी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून करून आणलेला. "आईच्या प्रकृतीच्या कारणास्तव रस्त्यालगतची सोयीची शाळा मिळावी, ही नम्र विनंती." आई तेव्हा धडधाकट होती, दिवसभर रानात खुरपत होती. खाली माझ्या सहीची जागा, आणि दिनांकाची जागा मोकळी. शाळा मी अजून पाहिलीसुद्धा नव्हती. एकाही लेकराचं नाव मला माहीत नव्हतं. आणि तिथून सुटायचा कागद मात्र तयार होता.

मिरजेहून महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर. तिथून लाल डब्याने गडचिरोली, मग चामोर्शी, आष्टी, आणि आलापल्लीच्या आधीपासूनच सागाचं जंगल सुरू झालं ते संपेना. माणदेशी माणसाला एवढी झाडं बघून धडकीच भरते. अण्णा सगळी वाट खिडकीबाहेर बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. शेवटचा टप्पा जीपने, आणि त्यानंतरचे तीन-चार किलोमीटर पायी. ट्रंक गावातल्या दोन पोरांनी बांबूला बांधून खांद्यावर घेतली.

दोन खोल्यांची शाळा. व्हरांड्यात एक म्हातारा बसला होता, गावचा पाटील. उठून "जोहार" म्हणाला, लोट्यातून पाणी दिलं. आम्ही पाणी पिईपर्यंत थांबला आणि मोडक्या मराठीत त्याने विचारलं,

"कधी जाणार?"

अण्णांना वाटलं त्यांनाच विचारतोय. ते म्हणाले, "मी उद्या सकाळी निघतो."

म्हाताऱ्याने मान हलवली. माझ्याकडे बोट केलं. "ह्या. ह्या कधी?"

त्या प्रश्नात राग नव्हता, टोमणा नव्हता. बाजाराचा दिवस कधी असं विचारावं, तितक्या सरळपणे त्याने विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी मी हजेरीपट उघडला तेव्हा मला तो प्रश्न कळला. चार वर्षांत पाच वेगवेगळी अक्षरं. कुणाचं नऊ महिने, कुणाचं एक सत्र, एकाचं तर फक्त जुलै आणि ऑगस्ट. पोरांची नावं तीच. प्रत्येक नव्या अक्षराने ती वेगळ्या पद्धतीने लिहिलेली, कारण नीट विचारून घ्यायला कुणी थांबलंच नव्हतं.

आता मला सांगा, या माणसांचा गुन्हा काय?

"जास्त बोललास तर गडचिरोलीला पाठवीन." हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. साहेबांच्या तोंडून ऐकलं आहे, पुढाऱ्यांच्या भाषणात ऐकलं आहे, लोक टाळ्या वाजवतात. 1982 साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला आपल्याच राज्याचा एक अख्खा जिल्हा, बारा तालुके, लाखो माणसं, आणि आपण त्याला शिक्षेची कोठडी केलंय. जो कामचुकार, जो पैसे खाताना सापडला, ज्याचं वरच्यांशी पटत नाही, त्याला तिकडे टाका. म्हणजे तिकडच्या बाईचं बाळंतपण कुणी करायचं? शिक्षा झालेल्याने. तिकडच्या पोरांना कुणी शिकवायचं? जो रोज कॅलेंडरवर रेघा मारतोय त्याने. शिक्षा कर्मचाऱ्याला होत नाही हो, तो ओळख काढून वर्षात निघून येतो. शिक्षा होते त्या म्हाताऱ्याला.

आणि याच जिल्ह्याकडून देश शिकला, हे कुणी सांगत नाही. हेमलकशाला 1973 मध्ये बाबा आमट्यांचा लोकबिरादरी प्रकल्प, आदिवासींसाठीचा दवाखाना आणि शाळा, उभा राहिला तेव्हा तिथे धड रस्ता नव्हता. आज देशभर आशाताई घरी जाऊन नुकत्या जन्मलेल्या बाळाला तपासतात, ती पद्धत डॉक्टर अभय आणि राणी बंग या दांपत्याने गडचिरोलीच्या खेड्यांत बसवून दाखवली. मेंढा-लेखा हे गाव सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावर गावाचा हक्क, मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" असं म्हणणारी माणसं आहेत ती. त्यांच्याकडे जायचं म्हणून आपण घरात रडारड करायची?

बरं, मान्य. सगळं मान्य. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड तुटतं. मोबाईलला रेंज नसते. मलेरिया आहे, मला दोनदा झाला. बंदुकांची भीती तेव्हा होती आणि ती खरी होती. एकट्या बाईला राहायला धड खोली मिळत नाही, त्यावर मी स्वतः भांडले आहे. ताईला पोरीची काळजी वाटणारच, ती आई आहे.

पण काळजी वेगळी आणि सुतक वेगळं. काळजी करणारा माणूस मच्छरदाणी घेऊन देतो. दाजींनी आज सकाळपासून सात फोन केले, सगळे बदलीसाठी. उपकेंद्राला क्वार्टर आहे का, आधीची सिस्टर कोण होती, तिचा नंबर मिळेल का, यासाठी एकही नाही.

आणि सरकारलाही बोलू द्या मला. 2002 च्या ऑगस्टमध्ये आदेश काढला, आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला एकस्तर, म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी. चांगली गोष्ट, ज्यांना मिळाली त्यांचा संसार सावरला. पण पैसे दिले म्हणजे झालं का? बावीस वर्षांच्या पोरीला कागद देऊन "रुजू व्हा" म्हणता, त्या पोरीला तिथली भाषा कुणी शिकवली? पहिली रात्र ती कुठे झोपणार हे कुणी विचारलं? मी रुजू झाले तेव्हा रुजू अहवाल तीन प्रतींत मागितला, एका प्रतीवर तारीख खोडली होती म्हणून पुन्हा लिहून घेतला. राहायची सोय मात्र त्या म्हाताऱ्याच्या सुनेने केली. आपल्या घरातली खाट उचलून शाळेच्या खोलीत आणून टाकली. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची नाही. खाटेवर तळहात आपटून तिने दाखवलं, मजबूत आहे, झोप.

त्या खाटेवर मी सात वर्षं झोपले.

पहिला महिना वाईट गेला, खोटं कशाला बोलू. मी फळ्यावर "प" काढायची, "प पाण्याचा" म्हणायची, आणि पोरं माझ्याकडे नुसती बघत राहायची. मला वाटायचं पोरं मंद आहेत. होय, वाटायचं, आणि त्याची आजही लाज वाटते. एक दिवस दुसरीतली एक पोरगी उठली, माझ्या तांब्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "एर." माडियात, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या बोलीत, पाण्याला एर म्हणतात. तिने मला तीनदा म्हणायला लावलं. मी नीट म्हटलं तेव्हा सगळा वर्ग हसला, आणि पहिल्यांदाच एक पोरगं आपणहून फळ्याजवळ आलं.

मला लिहून घ्यायला कागद हवा होता. वही कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, ते तालुक्याला मीटिंगला. ट्रंक उघडली, पाकीट काढलं, आणि अण्णांच्या अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. पाणी, एर. कोंबडी, कोर. त्या दुपारी पोरांनी मला चाळीसएक शब्द दिले. तो कागद मग मळला, त्यावर तेलाचा डाग पडला, कोपरा उंदराने कुरतडला. पुढच्या बाजूला दिनांकाची जागा तशीच मोकळी.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडायला लागली की पहाटेपासून अख्खं गाव जंगलात, पोरंसुद्धा. आधीचे गुरुजी त्या महिन्यात गैरहजेरी मांडून मोकळे व्हायचे. मी नऊनंतर शाळा भरवायला लागले. पोरं यायची, हाताला मोहाचा वास असायचा. हे शोधायला हुशारी लागत नाही. राहावं लागतं फक्त. एक मोहाचा हंगाम डोळ्यांनी बघावा लागतो, मग कळतं. जो जुलैत येऊन ऑगस्टमध्ये गेला, त्याला काय कळणार?

म्हातारा दर वर्षी पहिल्या पावसात व्हरांड्यात येऊन बसायचा. "यंदा जाणार?" मी म्हणायची, "नाही." चौथ्या वर्षी तो आला, बसला, पाणी प्यायला, आणि न विचारताच उठून गेला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं प्रमाणपत्र आहे.

मग मीही आलेच. 2013 मध्ये, लग्नानंतर, आंतरजिल्हा बदलीने. कुणी म्हणेल, स्वतः परत आलीस आणि दुसऱ्याच्या पोरीला उपदेश करतेस. म्हणा. जन्मभर तिथे राहा असं मी कुणालाच सांगत नाही, माणसाला घर असतं, म्हातारे आईबाप असतात. पण पाऊल टाकायच्या आधीच पाठ फिरवून जाऊ नका, एवढंच म्हणते. मी निघाले तेव्हा म्हातारा हयात नव्हता. सुनेने खाट परत नेली नाही. म्हणाली, नव्या बाईंना लागेल. मी जीपमध्ये बसेपर्यंत रडले नाही, आलापल्लीला एसटीत बसल्यावर रडले.

भामरागडच्या त्या उपकेंद्रातही कुणीतरी असेल, जी भाचीला विचारेल, कधी जाणार. एखादी पोटुशी बाई असेल. पाणी चढायच्या आत तिला आरोग्य केंद्राच्या माहेरघरात, बाळंतपणाआधी राहायच्या खोलीत, नेऊन ठेवायचं, तर आधी तिच्या घरच्यांचा सिस्टरवर विश्वास बसायला हवा. नाहीतर भर पावसात खाटेची कावड करून तिला न्यावं लागतं, वाटेत नाला आडवा. तो विश्वास सहा महिन्यांत "काढलेल्या" सिस्टरवर कसा बसेल, सांगा मला? दाजी, तुम्ही हे वाचणार आहात, मला माहीत आहे. वाचा. तुमच्या लेकीला तुम्ही चार वर्षं शिकवलंत, लायब्ररीची फी भरलीत, रात्री दोनला चहा करून दिलात. आता तिला चोरासारखी पाठवू नका.

मघाशी भाचीचा फोन आला होता. गच्चीवर जाऊन बोलत होती, आवाज दबका. मी तिला सांगितलं, ऑर्डरच्या पाच झेरॉक्स काढ, प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. टॉर्च दोन घे, एक बिघडतेच. मच्छरदाणी इथूनच घे. गेल्या गेल्या तिथल्या आशाताईला गाठ, ती सांगेल ते ऐक. आणि पहिल्या दिवशी कुणी काही विचारलं तर घाईने उत्तर देऊ नकोस.

थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मावशी, पप्पांनी बदलीचा अर्ज टाईप करायला दिलाय. उद्या मिळेल. मी काय करू त्याचं?"

मी म्हटलं, फाडू नकोस, त्यांना वाईट वाटेल. बॅगेत ठेव. मागची बाजू कोरी असते.

शुक्रवारी रात्रीची गाडी आहे. दाजींना रजा मिळत नाही म्हणे. मी पाच दिवसांची टाकली आहे, तिच्याबरोबर जाते आहे.